रुखवतातली गोधडी

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही. आई शेवटची आजारी होती तेव्हा आठ दिवस तिच्या उशाशी होते. दोनदा ओठावर आलं — दोनदा गिळलं. तुम्हाला लिहून सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसाला सांगायची छाती माझ्यात नव्हती, आजही नाही. बस्स, एवढंच कारण. त्याहून मोठं काही असेल असं समजू नका.

माझं तोंड वाईट, हे आधीच सांगते. शिव्या नाही हो — शिव्या देणारी बाई परवडली, ती एकदा ओरडते न् मोकळी होते. मी हसवणारी. माणूस समोरून चार पावलं चालला की त्याच्यातलं काय उचलायचं ते मला बराबर कळतं. चौथीत होते तेव्हा आमचे गुरुजी वर्गाबाहेर गेले की मी त्यांच्यासारखी एक पाय ओढत फळ्यापर्यंत जायची. एक दिवस वळून बघते तर गुरुजी दारात. ओरडले नाहीत. चष्मा काढला, धोतराला पुसला आणि म्हणाले, "धडा काढा." पोरी घाबरल्या. मला मात्र त्यांचं ते चष्मा पुसणंसुद्धा नकलेत घ्यावंसं वाटलं — आणि दुसऱ्या दिवशी घेतलं.

लग्न होऊन मी शिरड शहापूरच्या अलीकडं एका खेड्यात आले. चार एकर कोरडवाहू, पन्नासेक मेंढरं. घरात माझे मालक, सासूबाई — त्यांना मी आत्याबाई म्हणायची — धाकटा दीर बालाजी आणि नणंद शेवंता. शेवंता माझ्याहून तीन वर्षांनी लहान, तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं. पहिल्याच आठवड्यात चुलीपाशी येऊन म्हणाली, "वैनी, तुमाले नक्कल येती म्हनं. आईची करा की!" मी केली. आत्याबाई भाकर थापताना जिभेचं टोक बाहेर काढायच्या, तेवढंच घेतलं. शेवंता हसून हसून तिथंच आडवी झाली, डोळ्यातून पाणी काढलं. तिथून आमचं जमलं. तिला हसवणं लई सोपं होतं.

आता रुखवताचं सांगायला पाहिजे. त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्याकडं लग्नात मुलीकडच्या बाया रुखवत घेऊन येतात — भांडी, लाडू, शेवया, गोधड्या — आणि मांडता मांडता गाण्यातून नवरदेवाकडच्यांची चेष्टा करतात. मग नवरदेवाकडच्या बाया उलटं गाणं म्हणतात. दोन ओळींचं. पहिल्या ओळीत रुखवतातली एखादी वस्तू, दुसऱ्या ओळीत विहिणीची फजिती. सासरी आल्यावर दोन वर्षांत मी ह्याच्यात नाव काढलं. औंढ्यापासून कळमनुरीपर्यंत भावकीतल्या लग्नांना आमच्या मालकांना निरोप यायचा, "तुमच्या मंडळींना आणा बरं का." माझं असलं एखादं —

*रुखवत उघडलं, रुखवतात निघाली परात न् पळी,*
*विहीणबाईनं एकटीनं खाल्ली सगळ्या पंगतीची पोळी!*

आणि मांडवातल्या शंभर बाया एकदम. तो आवाज तुम्ही कधी ऐकलाय? तुमच्या एका शब्दावर शंभर बाया हसल्याचा? मला त्याचं व्यसन लागलं होतं. तंबाखूचं लागतं तसं.

पण ह्या गाण्याला एक कायदा असतो. कुणी शिकवत नाही, पण प्रत्येकीला माहीत असतो. खोटंच म्हणायचं. काडीसारख्या विहिणीला हत्तीण म्हणायचं, गोऱ्यापान बाईला तव्याची बूड म्हणायचं. जी खरंच लंगडी आहे तिला लंगडी म्हणायचं नाही. जिचा नवरा खरंच पितो तिच्यासमोर बाटलीचं नाव काढायचं नाही. खोटं आहे म्हणून तर ती स्वतः हसते, आणि उठून आपल्याला दुप्पट खोटं ऐकवते. खरं बोललं की संपलं. मग ते गाणं राहत नाही.

मला हे माहीत होतं. तुम्ही मागून म्हणू नका की बाईला भान नव्हतं. सगळ्यांत जास्त मलाच माहीत होतं.

शेवंताचं लग्न कळमनुरीकडच्या एका गावात झालं. मुलगा शांत, खालमानेचा. आमच्या घरी आला की स्वतःचं ताट स्वतः उचलायचा, तर आत्याबाईंना लाजल्यासारखं व्हायचं. एक वर्ष नीट गेलं. मग शेवंता दिवाळीला आली आणि तिला परत न्यायला कुणी आलंच नाही. सासूशी काहीतरी बिनसलं, एवढंच आमच्या कानावर. विचारलं तर शेवंता खाली बघायची. दिवाळीचा शिमगा झाला, शिमग्याचा पोळा झाला. गावातल्या बाया हापशावर विचारायला लागल्या — आधी काळजीनं, मग दुसऱ्या कशानं.

मेंढरं कातरायच्या आधी ओढ्यात धुवावी लागतात, लोकरीतली माती जायला. आम्ही दोघी कमरेइतक्या पाण्यात, ती मेंढी धरणार, मी चोळणार. माणसं वरच्या अंगाला लांब होती. तिथं ती बोलली. एकदम, न विचारता.

"वैनी, तेह्यले झोपंत व्हतंय. अंथरुनात. लहानपनापासून हाय म्हनं, सासूले वाटतं कवाचंच थांबलं. तेह्यचा काई दोष न्हाई वो."

मग सगळं सांगितलं. पहाटेला हिला जाग यायची तर तो आधीच जागा असायचा — ओल्यावरच, भिंतीकडं तोंड करून. मग ही उठायची, आडावर जाऊन गोधडी धुवून, घर जागं व्हायच्या आत मागच्या काट्यांच्या कुपाटीवर टाकायची. रोजचं. उन्हाळ्यात आडाचं पाणी तळाला गेलं तेव्हा सासूनं धरलं — एवढं कसलं धुणं पहाटेपासून, हिला काय येड लागलं का, आड आटवून राहिली. शेवंता काय सांगणार? नवऱ्याचं नाव सांगितलं असतं तर त्याच घरात त्याची मान खाली. नाही सांगितलं. भांडण वाढत गेलं, आणि तरी नाही सांगितलं. तोही बोलला नाही, कारण बोलायचं म्हणजे तेच बोलायचं. "मला सोडाया आले तर फाट्यावर रडले माह्यापाशी," ती म्हणाली. "कोनाले सांगू नका, वैनी. तुमच्याबिगर कोनालेच म्हाईत न्हाई."

मी ओल्या हातानं तिची पाठ थोपटली. "येडी गं तू," असं काहीतरी म्हणाले. त्या दिवशी परत येताना आणखी एक गोष्ट झाली. ती मागून सांगते.

पुढच्या उन्हाळ्यात बालाजीचं लग्न ठरलं. तेव्हा आमचा जिल्हा अजून परभणीच होता, हिंगोली वेगळी व्हायला दोनेक वर्षं बाकी असतील. हे स्थळ कुणी सुचवलं माहितीय? शेवंताच्या नवऱ्यानं. त्याच्या चुलत्याची मुलगी. स्वतः एसटीनं येऊन ओसरीत बसला, चहा गार होऊ दिला, मग एका दमात सांगून टाकलं. लग्न त्यांच्या गावी करू, दोन्ही घरं एका मांडवात येतील, आईचा राग निवेल — आणि जाताना, दाराशी, शेवंताकडं न बघता, "पेटी घेऊनच या."

शेवंतानं पेटी आठ दिवस आधी भरली. पत्र्याची, वर हिरवी फुलं रंगवलेली. आत काय, चार लुगडी, सासूसाठी नवं जरीचं, आणि एक गोधडी. तिनं स्वतः शिवलेली, आतून जाड थराची. आम्ही दोघीच बसून तिला धावदोरा घातला होता. वऱ्हाडाच्या ट्रॅक्टरमध्ये ती पेटीवरच बसली, कळमनुरीपर्यंत. कुणी म्हणालं खाली नीट बस, तर नाही उठली. त्या दिवशी तिचं तोंड बघायला पाहिजे होतं तुम्ही.

मांडवात शिरताना तिनं माझं मनगट धरलं. "वैनी, आज माह्या घरच्यायले सोडा. बाकी कोनाचंबी घ्या."

"हात येडे, मला काय कळत न्हाई का?" असं म्हणाले मी. हसत म्हणाले.

रुखवत आलं. त्यांच्याकडून गोदावरी नावाची एक पिकल्या केसांची बाई गात होती. बारीक अंगाची, दोन दात गेलेली, पण काय जीभ! मी एक म्हटलं की हिचं उत्तर तयार. माझं नाक चिमणीएवढं, तर म्हणते —

*गाणारणीच्या तोंडाला घाला कुलूप न् कडी,*
*नाकामधी मावली हिच्या कडब्याची गाडी!*

मांडव डोक्यावर घेतला बायांनी. आमच्याकडच्यासुद्धा हसल्या. मी आणखी दोन म्हटली, ती पडली. पडली म्हणजे कुणी हसलं नाही, नुसतं बघितलं. ते बघणं मला सोसलं नाही. मी — शिरडकडची मंगल, जिला निरोप धाडून बोलावतात — आणि मला एक बोळकं हरवून राहिलं? माझ्या अंगाची आग झाली. समोर शेवंताची सासू हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होती, मजेत, पदर सावरत. आणि रुखवतात गोधड्यांची चवड.

मी म्हटलं.

*रुखवत उघडलं, रुखवतात निघाली गोधडी,*
*विहीणबाईच्या ल्योकाखाली रोज वल्ली थोडी-थोडी!*

"थोडी-थोडी" म्हणताना दोन बोटांनी दाखवलंसुद्धा — एवढी-एवढी.

हशा असा उठला की मांडवाचं कापड हललं असतं. गोदावरीबाईनंही तोंडाला पदर लावला. मग ती विहिणीकडं वळली — आता ही काहीतरी बोलेल, आपण पुढं रेटू — आणि विहिणीचं तोंड बघून तिचा पदर खाली आला. कारण विहीण हातातलं ताट विसरून मांडवात लेकाला शोधत होती. हसणं पुढच्या ओळीतलं आधी थांबलं, मग मधलं, मग मागच्या पोरीबाळींचं. बायांना कळायला वेळ लागत नाही. कायदा सगळ्यांना माहीत असतो, म्हणाले ना.

आणि तो तिथंच होता. पंगतीला पाणी वाढत होता, हातात बादली. तो घरचाच ना, नवरीचा चुलतभाऊ, राबत होता सकाळपासून. त्यानं बादली खाली ठेवली. आपटली नाही. एक थेंब सांडू न देता ठेवली, वर तांब्या ठेवला, आणि मांडवाच्या मागच्या अंगानं निघून गेला. ती बादली किती तरी वेळ तशीच होती. पंगतीतल्या माणसांनी पाणी मागितलं तर कुणी उचलेना.

मी शेवंताकडं बघितलं नाही. खांबाला बांधलेल्या आंब्याच्या पानांकडं बघत राहिले.

दिवस कलल्यावर निघायची वेळ झाली. पेटी अजून ट्रॅक्टरमध्येच होती, उतरवलीच नव्हती. शेवंताची सासू ट्रॅक्टरपाशी आली. आरडाओरडा नाही. "घरातलं पांघरूण मांडवात उघडं करनारी सून मला न्हाई पायजे," म्हणाली. "माह्या लेकाचं हे तूच भाईर सांगितलं ना? व्हय का न्हाई, एवढंच सांग."

आता इथं थांबते जरा.

शेवंतानं माझ्याकडं बघितलं. एकदाच. तिनं फक्त एवढं म्हणायचं होतं — मी एकट्या वैनीला सांगितलं. तेवढ्यानं तिची अर्धी सुटका होती. मी पुढं होऊन म्हणायचं होतं — मावशी, चूक माझी, हिनं विश्वासानं सांगितलं न् मी बाजार मांडला. तेवढ्यानं कदाचित सगळी सुटका होती. कोण जाणे? माझ्या कडेवर माझी लेक रेखा होती, अडीच वर्षांची. मी तिचं नाक पुसलं. पदरानं, नीट, हळूहळू, जसं काही त्या घडीला जगात दुसरं कामच नव्हतं.

"व्हय," शेवंता म्हणाली. "मीच बोलले."

बालाजीची नवी नवरी शेजारी उभी होती, हळदीनं पिवळी. शेवंतानं माझं नाव घेतलं असतं तर दोन्ही घरांत त्याच दिवशी आग लागली असती, आणि ती पोरगी मांडवातच राहिली असती. म्हणून नाही घेतलं — असं मला मागून वाटलं. तिला मी कधी विचारलं नाही. ट्रॅक्टर निघाला. एक पोरगी आणली आम्ही, आणि एक परत आणली. पेटी गेली तशी आली. परत येताना शेवंता तिच्यावर बसली नाही, खाली पोत्यावर बसली.

घरी मी काय सांगितलं असेल? तोंडातून निसटलं. रुखवतात गोधडी दिसली न् शब्दाला शब्द जुळला, मला काय माहीत त्यांच्या घरात खरंच तसलं आहे म्हणून! आत्याबाईंनी खरं मानलं. मालकांनी मानलं. "चेष्टाच केली तिनं, लग्नात करतेतच," असं म्हणून माझ्यावरचं सगळ्यांनी झटकून टाकलं. केवढा मऊ शब्द आहे हा चेष्टा! दिराची करतात, मेव्हण्याची करतात, त्याच्यात माया असते. मस्करी बरोबरीच्यांत. बाजारात मजाक म्हणतात, तो तर चहाबरोबर फुकट मिळतो. टिंगल होते ती माणसाच्या पाठीमागं, टवाळी पारावरचे रिकामटेकडे करतात, खिल्ली उडवायला चार माणसं जमावी लागतात. आणि शाळेतली पोरं चिडवतात, ते तर सगळ्यांनाच माफ. मी हे शब्द पुस्तकातून नाही शिकले, करून करून शिकले. कुठला कुठं चालतो ते झोपेतसुद्धा सांगेन. मी त्या दिवशी जे केलं त्याला ह्यातला एकही लागत नाही. कुचेष्टा म्हणावं तर तेही मला हलकंच वाटतं. पण मला लोकांनी चेष्टा हा शब्द दिला, आणि मी तो पदरात घेतला.

निसटलं नव्हतं. हेच मला सांगायचं होतं, ह्यासाठी एवढं फिरून आले.

मेंढरं धुऊन परत येताना एक गोष्ट झाली म्हणाले ना? ती ही. शेवंता पुढं चालत होती, ओलं लुगडं पायात अडकत होतं, मन मोकळं झालं म्हणून बरं दिसत होती. आणि मागं माझ्या डोक्यात गोधडीला "थोडी" जुळलं. त्याच वाटेवर. तिच्या पाठीकडं बघत मी मनातल्या मनात हसले. मग सात-आठ महिने मी ते घासलं, पुसलं. आधी "नवऱ्याखाली" होतं, ते बदलून "विहीणबाईच्या ल्योकाखाली" केलं, कारण ते विहिणीला तोंडावर म्हणता येतं. आता सांगा, हे निसटलं? भाकरी थापताना चाल बसवली. दोन बोटांचं ते "एवढी-एवढी" मी कोठीत एकटी असताना करून बघितलं होतं. म्हणायचं ठरलं होतं का? ठरलं नव्हतं. पण टाकूनही दिलं नव्हतं. इतकं चांगलं जुळलेलं टाकवत नाही हो. पेटीतल्या त्या गोधडीला धावदोरा घालत होतो तेव्हासुद्धा ते माझ्या तोंडात होतं, आणि शेवंता समोर बसून सुईत दोरा ओवत होती.

एवढ्यावरही भागलं नाही माझं. दोन-तीन महिन्यांनी हापशावर एकीनं सहज म्हटलं, "पर मंगल, तुलेच काहून सुचली गोधडी?" आणि माझ्या तोंडानं लगेच मला सोडवलं. "अवं, हिच्या पोटात काई ठरतं का! आमच्या घरात सप्त्याला भोंगा आनायची गरज न्हाई, शेवंता हाय ना!" हसल्या सगळ्या. ते नाव चिकटलं. भोंगा. लहान लेकरं भोंगा आत्या म्हणून हाक मारायची, चिडवायला नाही, तिचं नावच ते असं समजून. आत्याबाई मरेपर्यंत तिच्या तोंडावर म्हणत राहिल्या, ह्या भोंग्यानं स्वतःचा संसार घालवला. ज्या बाईनं नवऱ्याची लाज झाकायला घर सोडलं, आणि माझी झाकायला पुन्हा सोडलं, तिचं नाव मी भोंगा ठेवलं. ती ओ द्यायची. काय करणार होती?

दोन वर्षांनी काडीमोड झाली. नंतर त्याचं दुसरं लग्न झाल्याचं कळलं. मी ते घरात सांगितलं तेव्हा शेवंता मेंढीच्या पिल्लाला बाटलीनं दूध पाजत होती; तिनं बाटली हलू दिली नाही. आणि मी गात राहिले. खोटं वाटेल, पण त्या लग्नानंतर मला जास्त निरोप यायला लागले. काय गाती बाई, विहिणीला गप केलं म्हणतात! गेले मी, गायले. पुढं गावात अंगणवाडीत लागले, तिथं लेकरांना बडबडगीतं शिकवली. चांगली शिकवली.

मुलगा झाल्यावर रेखाला मी शेवंतापाशी झोपायला घातलं, मागच्या खोलीत. पोरगी तिच्याच अंगावर वाढली. वेण्या तिनं घातल्या, ताप तिनं काढला. मी मोकळी. रेखा अकराएक वर्षांची असेल तेव्हा एकदा मला पहाटे लवकर जाग आली, हापशाकडं गेले, तर शेवंता दगडावर गोधडी आपटून राहिली. मला बघून हात थांबला.

"काय झालं गं?"

"काई न्हाई. मेंढीचं पिल्लू शिरलं व्हतं अंथरुनात." आणि पुन्हा आपटायला लागली, जोरात. मी घागर भरून आले. मला काही वाटलं नाही. मेंढरांच्या घरात पिल्लं शिरतातच.

पुढं तीन-चार वर्षांनी रेखानं पहिल्यांदा सगळ्यांची भाकरी केली. एक भाकरी फाटली, वाकडी झाली. मी ती उचलली, कानाला लावली आणि म्हटलं, "हॅलो, कोन बोलतंय?" सगळे हसले. रेखा हसली नाही. हात धुतले, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि बोलली. पोरगी तेव्हा पंधराची, पण आवाज असा की मला वाटलं हिला मी ओळखत नाही.

"आई, अकरा वर्षांची होईपर्यंत मी अंथरूण ओलं करत होते. तुला म्हाईत हाय? न्हाई ना? आत्या रोज धुवायची. तू उठायच्या आत. मी एकदा म्हनलं, आईले सांगू का, डॉक्टरकडं नेईल. तर आत्यानं माझं तोंड दाबलं. म्हनली, कोनालेबी सांग, बाई, पर तुह्या आईले सांगू नको."

घरात सगळे होते. शेवंता चुलीपाशी होती. तिनं मान वर केली नाही. लाकूड आत सरकवलं.

सात-आठ वर्षं ती रोज पहाटे उठली — माझी पोरगी माझ्यापासून लपवायला. जगात कुणाकडून तिची टिंगल होईल ह्याची तिला भीती नव्हती. माझीच होती. आणि खरं सांगू? ते बरोबर होतं. त्या घडीलासुद्धा, रेखा समोर डोळे भरून उभी असताना, माझ्या डोक्यात एक ओळ जुळायला लागली होती. मी ती थांबवली नाही. नुसती बोलले नाही.

रेखा आता तिच्या घरी आहे, आत्याला फोन करते. पत्र्याची पेटी मागच्या खोलीत आहे, फुलांचा रंग गेला. त्यातली जाड गोधडी रेखाखालीच झिजली. शेवंता आत्ता ओसरीत शेंगा फोडत बसलीय, मी लिहितेय तिथून तिची पाठ दिसते. तिला वाचता येत नाही. मी तिला हे वाचून दाखवलेलं नाही.